यात्रेची पट्टी आणि बारा महिन्यांचा कागद

मार्च २०२५ मधल्या एका रविवारी हे गावच्या बैठकीला गेले होते. संध्याकाळी परत आले आणि उंबऱ्यातच चपला काढता काढता म्हणाले, "लक्ष्मी यात्रा ठरली. पुढच्या वैशाखात. घरामागे पट्टी पंधरा हजार."

आत्यांनी बसल्या जागी हात जोडले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मामा, म्हणजे सासरे, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि गावात देवी बावीस वर्षांनी फिरणार होती. मीही हात जोडले, पण डोक्यात आकडे सुरू झाले होते आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

आमच्या भागाबाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावांत महालक्ष्मीची यात्रा दर वर्षी नसते. कुठं पाच-सात वर्षांनी, कुठं पंधरा, कुठं वीस-पंचवीस वर्षांनी. आधी काही महिने वार पाळतात, त्या दिवशी शेतात काम नाही. घरोघरी रंग काढतात, पत्रे बदलतात, परसात मांडव घालतात. लग्न होऊन गेलेल्या साऱ्या लेकी माहेरी येतात, ओटी भरतात. पहिले दिवस गोडाचं जेवण, मग बकरी पडतात आणि पै-पाहुण्यांच्या पंगती संपत नाहीत. एकेका घरात दोनशे-तीनशे पानं उठतात. यात्रा झाल्यावर पुढची तीन-चार वर्षं कर्ज फेडणारी घरं मी माझ्या माहेरच्या गावात पाहिली आहेत.

आम्ही राहतो बेळगावात, वडगावला. दोन खोल्या आणि मधलं माडीखालचं छोटं अंगण, घर स्वतःचं. हे उद्यमबागमध्ये एका मशीन शॉपला ऑपरेटर आहेत, हातात २४,८०० पडतात. मी घरी ब्लाऊज, परकर, पंजाबी ड्रेस शिवते. गावाकडे सव्वा एकर जमीन: पावसाळ्यात भात, बांधाकडच्या माळाच्या तुकड्यात रताळी. मुलगी दहावीला होती, मुलगा चौथीला.

महिन्याचा हिशेब मी याआधीही लिहिला होता. आदल्या वर्षी तीन महिने वहीत सगळं टिपलं. किराणा, दूध, भाजी, पेट्रोल, गॅस, मोबाइल, मुलीची शिकवणी, आत्यांच्या गोळ्या, सगळं धरून २०,२०० च्या आसपास. म्हणजे पगारातनं साडेचार हजार उरायला हवेत, वर शिलाईचे पैसे वेगळे. तरी हातात कधी काही नसायचं. मला वाटायचं मी लिहायला विसरते, किंवा हे कुठं तरी खर्च करतात. त्यावरनं आमची भांडणंसुद्धा झाली. पुढं वही बंद पडली.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारीच आला. मुलीचे दहावीचे पेपर चालू होते, ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. गुढी उभारून, जेवणं होऊन आम्ही तिघं, हे, आत्या आणि मी, बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसलो. यावेळी वही घेतली नाही. मागच्या वर्षीचं कालनिर्णय खाली काढलं.

आमच्याकडं कालनिर्णय फेकत नाहीत. दुधाचे खाडे, गॅस कधी आला, कुणाचं लग्न, कुणाला किती आहेर, गुरुजींची दक्षिणा, दुचाकीचा विमा, सगळं त्या चौकोनांत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. मुलीनं प्रोजेक्टला आणलेला एक मोठा कागद उरला होता. त्याच्यावर पट्टीनं बारा घरं आखली, एप्रिल ते मार्च, आणि जुन्या कालनिर्णयाचं एकेक पान उलटत महिन्याच्या खर्चात न बसणारं जे जे होतं ते त्या त्या घरात लिहिलं.

मे-जूनच्या घरात जागा पुरेना. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, पावसाळ्याआधी कौलं शेकारणं, गावच्या शेताची नांगरट, बी-बियाणं, जुलैत रोपलावणीची मजुरी आणि खत, वर त्याच दिवसांतली लग्नं. ऑगस्ट-सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात दिवाळी. नोव्हेंबरात पॉलिसीचा हप्ता १४,६०० आणि पुन्हा लग्नं. पौषात आत्या आणि त्यांच्या बहिणी सौंदत्तीला यल्लमाला जातात, तो खर्च. घरपट्टी, दुचाकी, दवाखाना. बेरीज १,४०,००० आली.

ह्यांनी दोनदा मोबाइलवर बेरीज केली. शिलाईच्या ऑर्डरी मी ज्या वहीत लिहिते तिच्यावरनं वर्षाची मिळकत काढली ती ८६,४००. पगार आणि दिवाळीचा बोनस मिळवून घरात वर्षाला ४,०२,००० येत होते. महिन्याचा चालू खर्च वजा करून उरायचे १,५९,६००. त्यातले १,४०,००० आमच्यासमोर कागदावर होते. वर्षभर ज्यावरनं आम्ही एकमेकांवर संशय घेत होतो ते पैसे कौलांत, रोपलावणीत, आहेरात आणि गणपतीत गेले होते. कुणी उधळलं नव्हतं. राहिलेले १९,६०० मात्र सापडले नाहीत आणि अजूनही सापडलेले नाहीत.

माझ्या मिळकतीचं चित्रही पहिल्यांदाच दिसलं. महिन्याची सरासरी ७,२०० येते, पण मेमध्ये लग्नसराईमुळं १४,००० होते आणि आषाढात ३,०००. मी मेमधल्या पैशांना 'जास्तीचे' समजत होते. ते आषाढाचे होते.

त्या १,४०,००० मध्ये एक रक्कम होती जी कालनिर्णयावर कुठंच नव्हती, ह्यांनी तोंडानं सांगितली. व्याज, १८,०००.

जानेवारी २०२४ मध्ये मामा दवाखान्यात होते तेव्हा ह्यांनी ओळखीच्या एका माणसाकडून ५०,००० घेतले होते, शेकडा तीननं. आमच्याकडं व्याज असंच बोलतात, शेकडा दोन, शेकडा तीन. ऐकायला तीन रुपये म्हणजे काय मोठंसं. पण ते महिन्याचे असतात. वर्षाचे छत्तीस होतात. दर महिन्याला पंधराशे रुपये हे गुपचूप देत होते. चौदा महिन्यांत २१,००० दिले होते आणि मुद्दल जसंच्या तसं ५०,०००. मला कर्ज माहीत होतं. दर माहीत नव्हता, कारण मी कधी विचारलाच नव्हता.

आणि त्याच वेळी बँकेत ४०,००० ची एक मुदत ठेव होती, ६.८ टक्क्यांची. कागदाच्या कोपऱ्यात मी मांडून पाहिलं: त्या चाळीस हजारांवर बँक आम्हाला वर्षाला २,७२० देत होती, आणि तेवढ्याच चाळीस हजारांच्या कर्जावर आम्ही १४,४०० देत होतो.

हे साधं गणित आहे आणि ते चौदा महिने आमच्या डोळ्यांसमोर होतं. पण ती ठेव मामांची होती. भात विकून विकून त्यांनी जमवलेले पैसे, ह्यांच्या नावावर ठेवलेले, आणि कशासाठी, तर लक्ष्मी यात्रेसाठी. दवाखान्यात असताना त्यांनी ह्यांचा हात धरून सांगितलं होतं, "त्याला हात लावू नको. लक्ष्मीचं हाय ते." म्हणून यांनी बाहेरनं कर्ज काढलं होतं.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. हे म्हणाले, "ठेव मोडायची म्हणजे त्यांचा शब्द मोडल्यागत होतंय." मला त्यावर काही बोलता येईना. आत्याच बोलल्या. "त्यांनी पैसे यात्रेला ठेवले, व्हय. खरं महिन्याला पंधराशे जायलेत ते कुठल्या देवीला जायलेत? मोडा. यात्रेच्या आधी भरून ठेवा म्हंजे झालं."

'खरं' आमच्याकडं 'पण' म्हणून वापरतात. पण त्या दिवशी तो शब्द मला दोन्ही अर्थांनी ऐकू आला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्यामुळं व्याज थोडं कमी मिळालं. त्याच दिवशी ४०,००० नेऊन दिले आणि जुन्या चिठ्ठीच्या मागं तारीख घालून, सही करून घेतली. उरलेले दहा हजार मेच्या शिलाईतनं फेडायचे ठरले, आणि फेडले. शेवटच्या दिवशी मूळ चिठ्ठी परत आणून ह्यांनी ती फाडली नाही, त्या मोठ्या कागदाला मागनं चिकटवली.

आता यात्रेचे पैसे. पहिला अंदाज १,२०,००० चा निघाला: पट्टी १५,०००, रंगकाम २५,०००, जेवणावळी ६०,०००, साड्या-कपडे २०,०००. हा आकडा खाली आणायला सगळ्यांत जास्त वेळ गेला, कारण इथं प्रत्येक ओळीत मान-अपमान असतो. दीर-जाऊबाई गावातच राहतात. दोघा भावांच्या दोन वेगळ्या पंगती करायच्या ऐवजी एकच मांडव, एकच आचारी असं ह्यांनी त्यांच्याशी बोलून ठरवलं. पाहुण्यांची यादी मी आणि जाऊबाईंनी मिळून केली तेव्हा निम्मी नावं दोघींच्याही यादीत निघाली. यंदाच्या सुगीतला तांदूळ विकायचा नाही, यात्रेसाठी राखायचा. रंग घरच्यांनीच द्यायचा, फक्त सामान आणायचं. साड्या शहापूरच्या खडेबाजारातनं, आणि ब्लाऊज तर मीच शिवणार. असं करत ७६,००० वर आलो. त्याच्या खाली आत्या येऊ देईनात आणि मलाही मग जास्त ओढावंसं वाटलं नाही.

हे पैसे महिन्याला बाजूला कसे काढायचे? आत्यांच्या नावावर गृहलक्ष्मीचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या घरातल्या कर्त्या बाईसाठीच्या योजनेचे, महिन्याला २,००० येतात. मी ते घरखर्चात कधी धरलेले नाहीत. एक तर ते त्यांचे आहेत, दुसरं म्हणजे योजना सरकारची, आज आहे तशीच उद्या असेल यावर वर्ष बांधू नये असं माझं मत आहे. पण आत्यांनी स्वतःच सांगितलं, माझे दोन हजार लक्ष्मीला. तीन हजार आम्ही घालायचे. पाच हजारांची बारा महिन्यांची आर.डी., म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव.

ती कुठं काढायची यावर थोडं लिहिते, कारण इथं आम्ही आधी पोळलो आहोत. आमच्या गल्लीत पैसे साठवायचं म्हटलं की पहिला शब्द पिग्मी. दुकानदार, शिलाईवाल्या, भाजीवाल्या सगळ्यांकडं पिग्मीवाला रोज येतो. हा प्रकार मूळचा कर्नाटकातलाच. उडुपीला सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, तिथनं तो सगळीकडं पसरला. दारात येऊन पैसे नेतात म्हणून साठतात, नाही तर माझ्यासारखीच्या हातात वीस-पन्नास रुपये राहिले नसते. पण काही वर्षांपूर्वी माझी पिग्मी ज्या सोसायटीत होती ती अडचणीत आली. माझे ६२,००० त्यात होते. निम्मे तीन वर्षांत हप्त्याहप्त्यानं मिळाले, निम्मे आजही नाहीत. तेव्हा मला कळलं की बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागं ५ लाखांपर्यंत विमा असतो (फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख, आधी १ लाख होता), सहकारी बँकेलासुद्धा असतो, पण पतसंस्थेला, सौहार्द सोसायटीला (आमच्याकडचा पतसंस्थेसारखाच प्रकार) तो नसतो. पाटीवर 'सहकारी' लिहिलेलं दोन्हीकडं असतं, आतला फरक कुणी सांगत नाही. सोसायट्या वाईट असतात असं मी म्हणणार नाही. अडल्यावेळी त्यांनीच आमच्यासारख्यांना कर्ज दिलेलं आहे. मी आता पिग्मी चालू ठेवली आहे, पण चार-पाच हजार झाले की काढून बँकेत टाकते.

पोस्टाच्या आर.डी.ला ६.७ टक्के मिळत होते, पण ती पाच वर्षांची. आम्हाला पैसे वर्षानं हवे होते. म्हणून बँकेत बारा महिन्यांची काढली, पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातनं आपोआप जाईल अशी. शेवटी व्याज धरून बासष्ट हजारांच्या आसपास होणार. ७६,००० ला कमी पडणारे चौदा हजार रताळ्यांतनं आले तर यावेत, असं पेन्सिलीनं लिहिलं. पावसावरचे पैसे शाईनं लिहायचे नाहीत हा नियम ह्यांचा.

आमचे तीन हजार मात्र कागदावर बसत नव्हते. व्याज वाचलं तरी मुलीच्या पी.यू.सी.चा (अकरावी-बारावीचा) खर्च सतरा हजारांनी वाढणार होता. गणपती-दिवाळीतनं सात हजार कमी केले. किराणा गल्लीतल्या दुकानातनं उधारीवर आणायचं थांबवून महिन्यातनं एकदा रविवार पेठेतनं आणायला लागलो, आणि हे शेजारच्या सोबत्याबरोबर एका गाडीवर कामाला जायला लागले, एक आठवडा यांची गाडी, एक आठवडा त्यांची. या दोन्हींनी महिन्याला बाराशे वाचले. तरी अंतर होतंच. तेव्हा मुलगी आतनं म्हणाली, "आई, तू ब्लाऊजचे दर कधी वाढवलेस शेवटचे?"

तीन वर्षं झाली होती. दोरा, अस्तर, हुक सगळं महागलं होतं आणि मी साधा ब्लाऊज १५० लाच शिवत होते. गिऱ्हाईक तुटेल म्हणून. साध्याला १७०, अस्तराच्याला २५० चे २७० केले. वर्षाला सव्वाचारशे-साडेचारशे नग होतात, त्याचे साडेआठ हजार. दोन बायका गेल्या. बाकीच्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. खर्च कमी करण्यात आम्ही चार रात्री घालवल्या होत्या, ही एक गोष्ट मी तीन वर्षं टाळली होती.

त्या आठवड्यात सगळी कागदपत्रंही काढली. त्यात जे सापडलं त्यानं मला जास्त झोप लागली नाही. मुलीचं सुकन्या समृद्धी खातं २०१७ मध्ये पोस्टात काढलेलं. मामांच्या आजारपणाच्या धांदलीत आम्ही दोन आर्थिक वर्षं त्यात एक रुपयाही भरला नव्हता. वर्षाला निदान २५० भरावेच लागतात, नाही तर खातं खंडित होतं. दोन वर्षांचे २५०-२५० आणि वर्षामागं ५० दंड असे ६०० भरून ते चालू केलं. ८.२ टक्के व्याजाचं खातं, आमच्याकडं याच्याइतका दर दुसऱ्या कशालाच नाही. पोस्टातल्या बाईंनी आणखी एक सांगितलं, पैसे पाच तारखेच्या आत भरा, कारण महिन्याचं व्याज पाच तारखेनंतरच्या कमीत कमी शिलकीवर धरतात. आता आमची तारीख तीन.

ह्यांच्या पीएफला वारस म्हणून मामांचं नाव होतं. नोकरीला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर बाद ठरतं, नवं करावं लागतं, हे आम्हाला सोळा वर्षं माहीत नव्हतं. कंपनीतल्या ऑफिसातल्या मुलानं अर्ध्या तासात ऑनलाइन करून दिलं. पीएफच्या सभासदाचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळतात, त्यासाठी वेगळा हप्ता कामगाराकडून घेत नाहीत, हेही त्यानंच सांगितलं. घरोघरी हे नामनिर्देशन एकदा उघडून बघावं असं मी हात जोडून सांगते.

पासबुकात मे अखेरीस ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले. जीवनज्योती आणि सुरक्षा विमा, प्रत्येकी २ लाखांचे. आमचे दोघांचे होते. आत्या सहासष्ट वर्षांच्या, त्यांना जीवनज्योती मिळत नाही, पण अपघाताचा वीस रुपयांचा सत्तर वर्षांपर्यंत मिळतो, तो घेतला. मे अखेर खात्यात तेवढी शिल्लक हवी, म्हणून कागदावर मेच्या घरात लाल पेननं.

घरपट्टी एप्रिलमध्येच एकरकमी भरून ५ टक्के सूट घेतली. चलन कन्नडमध्ये असतं. मला कन्नड बोलता येतं, वाचता अडखळत. मुलगी शाळेत शिकली आहे, तिनं प्रत्येक रकान्यात काय आहे ते मराठीत पेन्सिलीनं लिहून ठेवलं. विजेचं बिल गृहज्योतीत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, शून्य येतं, पण त्याला घराच्या मागच्या सरासरीची मर्यादा आहे, वर दहा टक्के. माझं मशीन मोटारीवर चालतं, म्हणून लग्नसराईत मी मीटर बघत काम करते.

एक गोष्ट मी ठामपणे नाकारली. ओळखीच्या एका एजंटनं नवी पॉलिसी सुचवली, कर वाचेल म्हणून. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही, पगारदाराला ७५,००० ची वजावट वेगळी. आमच्या घराला वाचवायला कर आहेच कुठं? जुनी पॉलिसी मात्र चालू ठेवली, बरेच हप्ते भरून झालेत. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढला, त्यामुळं नोव्हेंबरचा हप्ता सव्वातीनशे रुपयांनी कमी आला.

वर्ष कागदाप्रमाणं गेलं असं नाही. मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली आणि कॉमर्सला गेली, तिथं फीपेक्षा शिकवणीच जास्त निघाली. दहावी झाल्यावर सुकन्यातनं शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते, तो विचार एक रात्र मनात आला आणि आम्ही सोडून दिला. पी.यू.सी. हातावर भागवायचं, ते पैसे डिग्रीला. ऑगस्टमध्ये आत्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, १६,०००. ते कुठल्याच घरात लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या जुन्या साठलेल्या पैशांतनं आणि माझ्या पिग्मीतनं झालं, पण त्यानंतर दोन महिने हातात काहीच नव्हतं आणि ऑक्टोबरचा आर.डी.चा हप्ता चुकला. नोव्हेंबरात दोन्ही एकदम भरले, थोडा दंड पडला. रताळ्यांना भाव बेताचा मिळाला, ११,५०० आले. अडीच हजार कमी. आहेराच्या घरात मी जे लिहिलं होतं त्याच्या दीडपट गेले, आणि त्याबद्दल मला खंत नाही, भाच्याचं लग्न होतं.

शेकड्याचं कर्ज मात्र वर्षभरात एकदाही काढलं नाही. ऑगस्टमध्ये काढायची वेळ जवळ आली होती. हे म्हणाले, "दहा हजार घेऊ काय गे?" मी कागदामागची ती चिकटवलेली चिठ्ठी दाखवली.

आता हे लिहिताना मार्च आहे. नवा कागद आखलाय. जमिनीचा उतारा मामांच्या नावावरनं ह्यांच्या आणि दिरांच्या नावावर व्हायला पाच हेलपाटे झाले, पण झाला. ह्यांना गावच्या कृषी पत्तीन संघाचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेचं, सभासदत्व मिळालं, म्हणून यंदा जूनच्या घरात 'पीक कर्ज' लिहिलंय. कर्नाटकात संघाचं ५ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर बिनव्याजी असतं. त्याच्याखाली यशस्विनी, संघाच्या सभासदांची आरोग्य योजना. नोंदणी ठरावीक मुदतीतच होते, ती उघडली की त्याच आठवड्यात करायची. आणि 'दवाखाना, न ठरलेला' अशी एक नवी ओळ, महिन्याला पंधराशे. व्याजाला जात होते तेवढेच.

आर.डी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुरी होते. परवा आत्यांनी मला बोलावून विचारलं, "त्यातले चाळीस वेगळे काढशील न्हवं?" मी म्हटलं, होय, आधी ते. ह्यांनी दिरांना फोन करून सांगितलंय की बँकेतनं काढून आणले की ते चाळीस हजार एक दिवस मामांच्या फोटोसमोर ठेवायचे, आणि मग आचाऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची.